रोगाचे नाव आणि रोगाचे सत्य : हिसायामा येथील संशोधन

मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टरने लिहिलेले रोगाचे नाव हा एका व्यक्तीपुरता निर्णय असतो. परंतु अशी लक्षावधी नावे एकत्र आली म्हणजे त्यांतून राष्ट्राची आकडेवारी तयार होते आणि तिच्या आधारे आरोग्याची धोरणे आखली जातात. मूळचे नावच संशयास्पद असेल तर काय घडते, याचे बोधप्रद उदाहरण जपानमधील रक्तवाहिन्यांच्या विकारांच्या संशोधनात आढळते.

१९५१ पासून १९८० पर्यंत जपानमधील मृत्यूंच्या कारणांत मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे विकार अग्रस्थानी होते. या विकारांचे मुख्य प्रकार दोन : रक्तवाहिनी फुटून मेंदूत होणारा रक्तस्राव आणि रक्तवाहिनी तुंबल्यामुळे मेंदूच्या एखाद्या भागाचा होणारा नाश. मृत्यूच्या दाखल्यांनुसार जपानमध्ये पहिल्या प्रकाराचे प्रमाण दुसऱ्याच्या कितीतरी पट होते. पाश्चात्त्य देशांतील अनुभवाशी हे इतके विसंगत होते की, तेथील संशोधकांनी या निदानांविषयीच शंका घेतली.

या शंकेला भाषेचीही एक बाजू आहे. जपानी भाषेत आघाताला ‘नोसोत्चू’ म्हणतात. त्यातील ‘सोत्चू’चा शब्दशः अर्थ ‘अकस्मात तडाखा बसणे’ असा होतो. हा शब्द केवळ घटना सांगतो, कारण सांगत नाही. याउलट लोकांत रूढ असलेला ‘नोइक्केत्सु’ हा शब्द ‘मेंदूत रक्त ओसंडणे’ असे कारणच सांगून टाकतो. आपल्याकडील ‘अर्धांगवायू’ या शब्दाचीही स्थिती अशीच आहे. त्यातील ‘अर्धांग’ हे डोळ्यांना दिसलेले लक्षण होय, तर ‘वायू’ हे गृहीत धरलेले कारण होय. मेंदूचे छेदचित्र देणारे सी. टी. यंत्र रुग्णांसाठी प्रथम १९७१ मध्ये इंग्लंडात वापरले गेले. तत्पूर्वी, मेंदूत रक्त सांडले की रक्तप्रवाह अडला, हे रुग्णाच्या शय्येपाशी निश्चितपणे ठरविणे दुष्कर होते.

हा प्रश्न सोडविण्यासाठी क्यूशू विद्यापीठातील प्राध्यापक शिबानोसुके कात्सुकी यांच्या नेतृत्वाखाली १९६१ मध्ये फुकुओका शहरालगतच्या हिसायामा या गावी अभ्यास सुरू झाला. गावाची वस्ती तेव्हा सुमारे ६,५०० होती, आणि वय व व्यवसाय या दृष्टींनी ती समग्र जपानची प्रातिनिधिक मानता येण्यासारखी होती. चाळीस वर्षांवरील सुमारे १,६०० रहिवाशांची तपासणी करून त्यांचा सातत्याने मागोवा घेण्यात आला. या अभ्यासाचे वैशिष्ट्य म्हणजे मृत्यूनंतरची शवपरीक्षा. मृतांपैकी बहुसंख्यांची शवपरीक्षा दीर्घकाळ होत राहिली. कुटुंबीयांच्या संमतीवाचून हे शक्य नव्हते. म्हणूनच या संशोधनाचे श्रेय विद्यापीठाइतकेच त्या गावालाही दिले पाहिजे.

निष्कर्ष स्पष्ट होता : हिसायामात रक्तवाहिनी तुंबून होणारा आघात रक्तस्रावापेक्षा अधिक प्रमाणात आढळला. दाखल्यांवरील नावाने रक्तस्रावाला वास्तवाहून पुष्कळच मोठे स्थान दिले होते. हा भेद केवळ शास्त्रीय काटेकोरपणाचा नव्हे. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध एका प्रकारात जीवनदायी ठरू शकते, तर दुसऱ्या प्रकारात तेच प्राणघातक होऊ शकते.

पुढील दशकांत गावातील रोगांचे स्वरूपही पालटले. रक्तदाबावरील उपचारांचा प्रसार झाला आणि आघातांचे प्रमाण पुष्कळ घटले. परंतु त्याच काळात स्थूलता, रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल आणि मधुमेहाकडे झुकणारी रक्तशर्करा यांची वाढ झाली. अशा रीतीने रक्तवाहिन्यांच्या विकारांचा अभ्यास चयापचयाच्या विकारांपर्यंत येऊन पोहोचला.

येथे नावाचा प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. २००५ मध्ये जपानी वैद्यक संस्थांनी ‘मेटाबोलिक सिंड्रोम’ची व्याख्या निश्चित केली. पोटातील इंद्रियांभोवतीची चरबी बेंबीच्या पातळीवरील छेदचित्रात १०० चौरस सेंटिमीटर भरली म्हणजे धोका संभवतो, असे धरून कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी ८५ सेंटिमीटर व स्त्रियांसाठी ९० सेंटिमीटर ठरविण्यात आली. २००८ पासून ४० ते ७४ वयोगटासाठी विशेष आरोग्यतपासणी सुरू झाली, आणि ‘मेताबो’ हे लघुरूप बोलीत रुळून ‘पोट सुटलेला’ अशा अर्थाने वापरले जाऊ लागले. स्त्रियांची मर्यादा पुरुषांहून अधिक असणे ही गोष्ट मात्र इतर देशांच्या निकषांशी जुळणारी नव्हती. हिसायामातील नोंदी तपासल्या असता, पुढे हृदयविकार वा आघात होण्याचे भाकीत पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर या मर्यादांनी अधिक चांगले करता येते, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखविण्यात आले.

प्रथम शवपरीक्षेने दाखल्यावरील शब्द तपासला. नंतर वर्षानुवर्षांच्या नोंदींनी व्याख्येतील अंक तपासला. रोगाचे नाव ही निदानाची अखेर नसून पडताळून पाहावयाचे एक विधान असते, हाच हिसायामाच्या अभ्यासाचा इत्यर्थ होय.