बेकारीची टक्केवारी : कशाची आणि कोणाची?

सरकारच्या नियतकालिक श्रमशक्ती पाहणीनुसार २०२३-२४ साली पंधरा वर्षांवरील पुरुषांमधील बेकारीचे प्रमाण ३.२ टक्के होते. हा आकडा वर्गात निघाला तेव्हा सगळे हसले, कारण प्रत्येकाच्या गल्लीतच तिघांहून अधिक बेकार निघतात. आकडा खोटा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु तो कसा काढतात हे पाहिल्यावर मला हसू आले नाही.

आधी 'वर्ष'. आम्हा वाणिज्यवाल्यांचे वर्ष एप्रिलला सुरू होते, या पाहणीचे मात्र जुलै ते जून असे होते. २०२५ पासून पाहणीची पद्धत बदलली आणि वर्ष जानेवारी ते डिसेंबर झाले. तेव्हा जुने-नवे आकडे शेजारी मांडताना जपावे.

आता छेद पाहू. पंधरा वर्षांवरील शंभर पुरुष घेतले, तर त्यांपैकी सुमारे ७९ जण श्रमशक्तीत होते, म्हणजे काम करणारे किंवा काम मागणारे. त्यांतले ७६ कामावर आणि अडीच बेकार. (अर्धा माणूस संख्याशास्त्रातच भेटतो!) ३.२ ही टक्केवारी त्या ७९ जणांवर काढलेली आहे. उरलेले एकवीस, म्हणजे विद्यार्थी, वृद्ध, आजारी, हे हिशेबातच नाहीत.

खरी मेख मात्र 'कामावर' या शब्दात आहे. चिक्कडपल्लीच्या सिटी सेंट्रल लायब्ररीच्या आसपास, अशोकनगरच्या गल्ल्यांत, ग्रूप परीक्षांची तयारी करणारी हजारो मुले राहतात. माझा चुलतभाऊ त्यांतलाच. वय सव्वीस, बी.कॉम., हे चौथे वर्ष. पाहणीवाला आला आणि दादाने "मी शिकतो" एवढेच सांगितले, तर तो श्रमशक्तीबाहेर. "नोकरी शोधतो आहे" म्हटले, तर बेकार. परंतु दादा संध्याकाळी काकांच्या किराणा दुकानात उधारीची वही लिहितो. वर्षाकाठी तीस दिवस किंवा अधिक असे दुय्यम काम केले, तर नेहमीच्या स्थितीच्या मापाने तो कामावर धरला जातो. घरच्या धंद्यातली बिनपगारी मदतही यात चालते. काकू शेजारणीला सांगतात, "आमचा अजून घरीच बसून आहे." सरकारदप्तरी तो ७६ जणांत आहे. आणि यात लबाडी कोणाचीच नाही.

दुसरे माप आठवड्याचे. मागील सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी तासभर काम केले तरी माणूस कामावर. इतके सैल माप असूनही स्त्री-पुरुष मिळून बेकारी ४.९ टक्के भरते. वर्षाच्या मापाने तीच ३.२. कारण वर्षभरात कधीतरी काम मिळते, या आठवड्यात मिळेलच असे नाही. आपल्या देशाची बेकारी एका आकड्यात मावत नाही, हे मुंबई विद्यापीठाचे प्रा. दांतवाला यांच्या समितीने १९७० सालीच सांगितले होते. त्यानंतर वेगवेगळी मापे आली, तरी मथळ्यात छापायला जागा एकाच आकड्याला मिळते.

पुरुषांचा आकडा २०१७-१८ साली ६.१ होता, म्हणजे सहा वर्षांत तो जवळजवळ निम्मा झाला. ही घट नाकारण्याचे कारण नाही. पण काम करणाऱ्या पुरुषांत निम्म्याहून अधिक जण स्वतःच्या शेतात वा धंद्यात आहेत. महिन्याचा पगार घेणारे साधारण एक चतुर्थांशच. शिवाय निरक्षरांत बेकारी जवळजवळ नाही आणि पदवीधरांत ती भरपूर. माझ्या मते याचा अर्थ सरळ आहे : ज्याच्या घरी चूल उद्यावर ढकलता येत नाही, तो मिळेल ते काम धरतो. बेकार राहायलासुद्धा मागे कोणाचे तरी दुकान लागते.

म्हणून अहवाल हाती आला की मी आता पहिल्या पानावरची बेरीज सोडून १५ ते २९ वयोगटाचा रकाना काढतो. २०२३-२४ साली तेथे स्त्री-पुरुष मिळून १०.२ टक्के होते. पुढल्या उन्हाळ्यात परीक्षा झाली की मी त्याच रकान्यात जाणार, आणि दुकान काकांचे आहे, आमचे नाही.