टीव्हीला जोडायचा डबा: सात गैरसमज आणि वस्तुस्थिती

सी. पी. अँड बेरार, म्हणजे मध्य प्रांत-वऱ्हाड, हा प्रांत नकाशावरून कधीच गेला, पण सिनेमाच्या धंद्यात ‘सी. पी. बेरार’ हा वितरण-विभाग आजही त्याच नावानं ओळखला जातो. या पट्ट्यातला अमरावती-अकोल्याचा प्रेक्षक पहिल्यापासून सिनेमावेडा. आता मात्र बराचसा सिनेमा तो घरच्या टीव्हीवर बघतो. टीव्ही तीन-चार वर्षांचा झाला, त्यातली अॅप अडखळायला लागली, की घरात विषय निघतो: टीव्ही बदलायचा, की त्याला काही जोडायचं? जोडायचं तर टीव्हीच्या मागे खोचायची स्टिक, अँड्रॉइड बॉक्स की मिनी पीसी, म्हणजे चिमुकला कॉम्प्युटर? सल्ले देणारे भरपूर असतात. भाचा एक सांगतो, दुकानदार दुसरं. यातला बहुतेक गोंधळ एकाच गोष्टीपाशी येतो. यंत्राची ताकद वेगळी आणि त्या यंत्राला मिळालेली मान्यता वेगळी, हे कुणी सांगत नाही.

गैरसमज १: जास्त जीबीचा बॉक्स म्हणजे चांगला बॉक्स

“भाऊ, थो कंपनीचा बॉक्स दोनच जीबीचा हाय. हा घ्या, आठ जीबी, वरून ८के!” असं कुणी म्हणालं, की गिऱ्हाईक विरघळतं.

वस्तुस्थिती: नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ, जिओहॉटस्टार यांसारख्या सेवा चित्र कुलूपबंद करून पाठवतात. अँड्रॉइडच्या जगात हे कुलूप बहुतेक वेळा गुगलचं ‘वाइडव्हाइन’ असतं. त्याची एल१ पातळी असलेल्या यंत्रात कुलूप चिपच्या सुरक्षित भागात उघडतं. एल३ पातळीवर ते काम नुसत्या सॉफ्टवेअरवर चालतं, म्हणून अशा यंत्राला नेटफ्लिक्स ४८०पीच्या वर चित्र देत नाही. शिवाय नेटफ्लिक्स प्रत्येक मॉडेल स्वतंत्रपणे तपासून मान्यता देतं. त्यामुळे दोन जीबीची मान्यताप्राप्त स्टिक स्वच्छ ४के दाखवते आणि आठ जीबीचा बेनामी बॉक्स त्याच वर्गणीत धुरकट चित्र दाखवतो.

चित्र उलगडण्याचं काम मुळात रॅम करत नाही, चिपमधलं त्यासाठीच बनवलेलं सर्किट करतं. स्वस्त बॉक्सच्या सेटिंगमध्ये दिसणारा रॅमचा आकडाही दर वेळी खरा असेलच असं नाही. पडद्यावर ‘अँड्रॉइड टीव्ही’ किंवा ‘गुगल टीव्ही’ आहे, की मोबाइलचं अँड्रॉइड टीव्हीवर ताणून बसवलंय, हे आधी बघा. ‘डीआरएम इन्फो’ नावाचं अॅप टाकलं, तर पातळी एल१ आहे की एल३, ते तिथंच कळतं.

गैरसमज २: ‘सारे चॅनल फुकट’ म्हणजे पैसे वसूल

वस्तुस्थिती: फुकट मिळतंय तिथं काहीतरी दुसऱ्या वाटेनं वसूल होतं. जानेवारी २०२३मध्ये कॅनडाचे संगणक-सुरक्षा जाणकार डॅनियल मिलिसिक यांनी विकत घेतलेला टी९५ हा स्वस्त अँड्रॉइड बॉक्स तपासला, तेव्हा त्यात खोक्यातूनच आलेलं घातक सॉफ्टवेअर सापडलं. सप्टेंबर २०२४मध्ये ‘डॉक्टर वेब’ या कंपनीनं १९७ देशांतल्या सुमारे १३ लाख टीव्ही बॉक्सना ‘व्होइड’ नावाची लागण झाल्याचं जाहीर केलं. जून २०२५मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं ‘बॅडबॉक्स २.०’बद्दल जाहीर इशारा दिला. त्यातही बेनामी स्ट्रीमिंग बॉक्सचं नाव होतं.

असा बॉक्स तुम्हाला सिनेमा दाखवत राहतो आणि मागच्या मागे तुमचं इंटरनेट दुसऱ्यांना वापरायला देतो. कुणी परक्यानं त्यावरून फसवणूक केली, तर माग तुमच्या घरच्या जोडणीपर्यंत येतो. ज्या वाय-फायवर तुमचा बँकेचा मोबाइल चालतो, त्याच वाय-फायवर हा पाहुणा बसलेला असतो. चोरलेली चॅनल बघणं बेकायदा आहे, ते वेगळंच.

कायदेशीर फुकट हवं असेल, तर त्याला तोटा नाही. डीडी फ्री डिश आहे, यूट्यूब आहे. प्रसार भारतीनं २० नोव्हेंबर २०२४ला गोव्याच्या इफ्फी महोत्सवात सुरू केलेलं ‘वेव्हज’ हे अॅपही आहे. बॉक्स आणि त्याचा अॅडॉप्टर यांवर भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह आणि ‘आर’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक नसेल, तर तो माल तिथंच ठेवा.

गैरसमज ३: मिनी पीसी घेतला की सगळं आलं

वस्तुस्थिती: मिनी पीसी ताकदवान असतो, यात शंका नाही. २०२३च्या सुरुवातीला आलेली इंटेलची एन१०० ही चिप जेमतेम ६ वॉटच्या वर्गातली आहे, तरी एच.२६४, १०-बिट एचईव्हीसी, व्हीपी९ आणि एव्ही१ हे व्हिडिओचे चारही प्रकार ती हार्डवेअरमध्ये सहज उलगडते.

पण मान्यतेचा प्रश्न इथंही आडवा येतो. विंडोजवर नेटफ्लिक्स ४के हवं असेल, तर एज ब्राउझर किंवा नेटफ्लिक्सचं स्वतःचं अॅप, एचईव्हीसीची जोड आणि पडद्यापर्यंत एचडीसीपी २.२ हे वायरीतलं कुलूप अशी सगळी साखळी जुळावी लागते. लिनक्स टाकलं तर ४केचा विषयच संपतो. शिवाय बहुतेक मिनी पीसींच्या एचडीएमआयमधून सीईसीचा संदेश जात नाही, म्हणजे टीव्हीच्या रिमोटनं तो चालत नाही. अंथरुणावर कीबोर्ड-माऊस घेऊन बसायची तयारी लागते. आजीला बातम्या लावून बघायच्या असतील, तर तिच्या हातात माऊस देऊ नका.

गैरसमज ४: लग्नाची डीव्हीडी, पेनड्राइव्ह कुठल्याही स्टिकवर चालतं

वस्तुस्थिती: मिनी पीसीचं खरं मोल इथं आहे. वऱ्हाडातल्या बहुतेक घरांत कपाटात लग्नाच्या डीव्हीडी पडलेल्या असतात. आपल्याकडची डीव्हीडी एमपेग-२ प्रकारची. तिच्यात ७२० बाय ५७६ आकाराची सेकंदाला २५ चित्रं असतात, आणि एकेक चित्र दोन अर्ध्यांत विभागून ठेवलेलं असतं. ते अर्धे नीट जुळवले नाहीत, तर वरातीत नाचणाऱ्यांच्या हातांना कंगव्यासारखे दात फुटलेले दिसतात. स्टिकना हे जुळवणं बऱ्याचदा जमत नाही. मिनी पीसीवर व्हीएलसी किंवा कोडी हे काम सफाईनं करतात, आणि दोन्ही फुकट मिळतात. जेलीफिन टाकलं, तर त्याच मिनी पीसीवरचा सगळा साठा घरातल्या प्रत्येक टीव्हीवर आणि मोबाइलवर दिसतो.

तीन बारीक अडचणी मात्र लक्षात ठेवाव्यात. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल, तर त्यात ४ जीबीहून मोठी फाइल बसतच नाही; एक्सफॅट वापरा. टीव्हीचा साधा यूएसबी पोर्ट अर्धा अँपिअर वीज देतो आणि पोर्टेबल हार्ड डिस्कला याहून जास्त लागते. डिस्क टकटक करून बंद पडते, ती बिघडली म्हणून नव्हे, उपाशी आहे म्हणून. आणि मराठी सबटायटलच्या जागी अगम्य चिन्हं दिसत असतील, तर ती फाइल यूटीएफ-८मध्ये सेव्ह करून बघा.

मिनी पीसीऐवजी हौशी मंडळींना आवडणारा रास्पबेरी पाय ५ हा छोटा संगणक घेणार असाल, तर त्यात हार्डवेअर डिकोडर फक्त एचईव्हीसीचा आहे. एच.२६४ आणि एव्ही१चं काम प्रोसेसरवर पडतं.

गैरसमज ५: ४केसाठी मोठा प्लॅन हवा, आणि ४के नसेल तर मजा नाही

वस्तुस्थिती: नेटफ्लिक्सच्याच सांगण्यानुसार फुल एचडीला ५ आणि ४केला १५ एमबीपीएस पुरतात. म्हणजे ३० एमबीपीएसच्या साध्या प्लॅनवरही एक ४के सिनेमा आरामात चालतो. अडतं ते बहुधा वाय-फायवर. जाड भिंतींच्या जुन्या घरात राउटर ओसरीत आणि टीव्ही माजघरात असेल, तर प्लॅन वाढवून उपयोग नाही. शंभर-दोनशे रुपयांची लॅन केबल टाका.

राहिली मजा. ४३ इंची टीव्हीवर फुल एचडीचे ठिपके निरोगी डोळ्याला साधारण ५.५ फुटांपलीकडून वेगळे दिसत नाहीत. ५५ इंचांवर हे अंतर ७ फुटांच्या आसपास जातं. सोफा ९-१० फुटांवर असेल, तर ४केचा हट्ट डोळ्यांपेक्षा मनाचाच जास्त. त्याऐवजी बॉक्समध्ये चित्राचा मूळ वेग जुळवण्याची, म्हणजे ‘मॅच फ्रेम रेट’ची सोय आहे का ते बघा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा आणि दूरदर्शनची जुनी मालिका २५ चित्रांची. टीव्ही ६०वर अडकून राहिला, तर कॅमेरा सरकताना चित्र हिसके देतं.

गैरसमज ६: मे महिन्यात चित्र अडखळतं ते इंटरनेटमुळे

वस्तुस्थिती: कधी कधी दोष उन्हाचा असतो. अॅपलच्या टीव्ही बॉक्सच्या माहितीत वापराचं तापमान ० ते ३५ अंश दिलेलं आहे. अकोल्यात, अमरावतीत मे महिन्यात पारा ४४-४५पर्यंत जातो. स्लॅबखालच्या खोलीत, टीव्हीच्या गरम पाठीला चिकटलेल्या स्टिकची काय गत होत असेल? चिप तापली की स्वतःला वाचवायला वेग कमी करते, आणि आपण इंटरनेटवाल्याला फोन लावतो.

उपाय सोपा आहे. स्टिकसोबत आलेली छोटी एचडीएमआय वायर फेकू नका, ती लावून स्टिक टीव्हीपासून लांब लोंबती ठेवा. बॉक्स बंद कपाटात किंवा पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला ठेवू नका. कूलरच्या थेट झोतातही नको, कारण त्या हवेत ओल असते. मिनी पीसीला पंखा असेल, तर तो धूळ ओढतो. दरवर्षी उन्हाळ्याआधी जाळी साफ करा. वीज वरखाली होणाऱ्या भागात सर्ज-संरक्षण असलेला बोर्ड लावा.

गैरसमज ७: घरात जुना कॉम्प्युटर पडलाय, तोच लावू, खर्च शून्य

वस्तुस्थिती: हिशेब मांडून बघा. जुना डेस्कटॉप ८० वॉट खात असेल आणि रोज ५ तास चालत असेल, तर महिन्याला १२ युनिट होतात. १५ वॉटचा मिनी पीसी तेवढ्याच वेळात सव्वादोन युनिट घेतो. ४ वॉटची स्टिक अर्ध्या युनिटाच्या थोडं वर जाते. महावितरणचं बिल युनिटांच्या टप्प्यांनी वाढतं, हे ज्याला त्याला ठाऊक आहे. भारनियमनात डेस्कटॉप इन्व्हर्टरचाही जीव काढतो. त्यात इंटेलच्या सातव्या पिढीआधीचा प्रोसेसर असेल, तर १०-बिट एचईव्हीसी तो हार्डवेअरमध्ये पूर्णपणे उलगडू शकत नाही. पंखा कोकलतो आणि चित्र तुटक येतं.

मग घ्यावं काय?

घरात नव्वद टक्के वेळ वर्गणीची अॅपच चालत असतील, तर नावाजलेल्या कंपनीची मान्यताप्राप्त स्टिक किंवा बॉक्स घ्या आणि विषय संपवा. फायबरवाल्यानं किंवा डीटीएचवाल्यानं बॉक्स दिला असेल, तर आधी तोच तपासा. कदाचित काही घ्यावंच लागणार नाही. लग्नाच्या डीव्हीडी, हार्ड डिस्कवरचे सिनेमे, मुलांचे जुने व्हिडिओ असा स्वतःचा साठा मोठा असेल, तर मिनी पीसी घ्या. दोन्ही हवं असेल, तर वर्गणीच्या अॅपसाठी स्टिक आणि साठ्यासाठी मिनी पीसी ठेवा. एकाच यंत्राकडून दोन्ही कामांचा आग्रह धराल, तर एक तरी काम अर्धवट होईल.

आणि घ्यायला जाताना आपला पेनड्राइव्ह सोबत न्या. दुकानातच आपली एक फाइल लावून बघा, नेटफ्लिक्स किंवा प्राइमवर एक सिनेमा सुरू करून एचडी येतं का ते पडताळा, पक्कं बिल घ्या. दाखवायला नाही म्हणणाऱ्या दुकानातून काही घेऊ नका.