विश्लेषण : बास गिटारच्या आत प्रीॲम्प बसवावा का? निवडताना काय पाहावे?

घरी एकट्याने वाजवताना भरदार वाटणारी बास गिटार बँडमध्ये मात्र हरवून जाते, ही तक्रार शिकाऊ वादकांपासून ऑर्केस्ट्रात वर्षानुवर्षे वाजवणाऱ्यांपर्यंत अनेकांची असते. त्यावर ठरलेला सल्ला मिळतो, ‘आत प्रीॲम्प बसवून घे’. नामांकित कंपनीचा प्रीॲम्प परदेशातून मागवला तर तो शिकाऊ वादकाच्या अख्ख्या बास गिटारच्या किमतीच्या घरात जाऊ शकतो. शिवाय तो बसवण्यासाठी कधी कधी लाकूड कोरावे लागते आणि कोरलेले लाकूड परत भरून येत नाही. त्यामुळे हा निर्णय घेण्याआधी प्रीॲम्प काय करतो आणि काय करू शकत नाही, हे समजून घेणे गरजेचे ठरते.

प्रीॲम्प नेमके काय करतो?

इलेक्ट्रिक बासच्या तारांखाली पिकअप असतो. चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, अशी त्याची रचना असते. तार कंप पावली की या वेढ्यांत अगदी क्षीण विद्युतसंकेत तयार होतो. साध्या, म्हणजे ‘पॅसिव्ह’ बासमध्ये हा संकेत व्हॉल्यूम आणि टोनच्या नॉबमधून थेट केबलमध्ये जातो. पॅसिव्ह टोन नॉब फक्त तीव्र स्वर कमी करू शकतो, काहीही वाढवू शकत नाही.

बासच्या आत बसणारा, म्हणजे ‘ऑनबोर्ड’ प्रीॲम्प बहुधा ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो आणि दोन कामे करतो. पहिले काम संकेताला बळ देण्याचे. लांब केबल विद्युतदृष्ट्या कपॅसिटरसारखी वागते आणि पॅसिव्ह बासच्या आवाजातील वरची चमक खाते. प्रीॲम्पमधून निघालेला संकेत केबलच्या लांबीला फारसा जुमानत नाही. दुसरे काम स्वराचा पोत बदलण्याचे. खर्ज, मध्य आणि तीव्र अशा पट्ट्या वेगवेगळ्या वाढवता किंवा कमी करता येतात. मात्र पिकअपने जे टिपलेच नाही, ते प्रीॲम्प निर्माण करू शकत नाही. जुन्या, मंद झालेल्या तारांचा आवाज तो मोठा करील, पण नवा करणार नाही.

ही कल्पना आली कुठून?

अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये बाजारात आणलेला ‘प्रिसिजन बास’ आणि १९६० मधील ‘जॅझ बास’ हे दोन्ही पॅसिव्ह होते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातील ‘अलेम्बिक’ने बासमध्ये बॅटरीवर चालणारी सर्किट बसवायला सुरुवात केली, पण ती वाद्ये महागडी आणि मोजक्यांसाठी होती. १९७६ मध्ये ‘म्युझिक मॅन’ कंपनीचा ‘स्टिंगरे’ आला आणि कारखान्यातूनच प्रीॲम्प बसवलेला बास सर्वसामान्य वादकांपर्यंत पोहोचला. त्याच्या रचनेतही लिओ फेंडर यांचा सहभाग होता. पुढे न्यूयॉर्कचे कारागीर रॉजर सॅडोव्स्की यांनी मार्कस मिलर यांच्या १९७७ सालच्या जॅझ बासमध्ये प्रीॲम्प बसवला. मिलर यांचा तो आवाज गाजला आणि पॅसिव्ह जॅझ बास ‘ॲक्टिव्ह’ करून घेण्याची हौस जगभर पसरली. आजही प्रीॲम्प बदलण्याचा किंवा नव्याने बसवण्याचा प्रश्न सर्वाधिक वेळा पडतो, तो याच प्रकारच्या बासबाबत.

बँडमध्ये बास का हरवतो?

चार तारांच्या बासची सर्वात जाड तार मोकळी वाजवली की तिची मूळ वारंवारता सुमारे ४१ हर्ट्झ असते. पाच तारांच्या बासमध्ये ती सुमारे ३१ हर्ट्झपर्यंत उतरते. मोबाइलचा स्पीकर इतका खालचा स्वर जवळपास वाजवूच शकत नाही. तरीही मोबाइलवर गाणे ऐकताना बासची चाल ओळखता येते. कारण तार फक्त मूळ स्वर देत नाही. ४१ बरोबर ८२, १२४, १६५ हर्ट्झ असे उपस्वरही ती देते आणि त्यांवरून कान मूळ स्वराचा अंदाज बांधतो. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो, तो याच उपस्वरांमुळे.

रंगमंचावरही काहीसे असेच घडते. सर्वात खालच्या पट्टीत किक ड्रम आणि कीबोर्डचा डावा हात आधीच गर्दी करून असतात. तिथे बासचा खर्ज वाढवला की घुमघुम वाढते, पण स्वर स्पष्ट होत नाही. कोणता स्वर वाजला, बोट केव्हा पडले, हे श्रोत्याला कळते ते मुख्यतः मध्य पट्टीतून, ढोबळमानाने काहीशे हर्ट्झपासून एक-दोन हजार हर्ट्झपर्यंतच्या भागातून. घरी एकट्याने वाजवताना मात्र खर्ज आणि तीव्र वाढवून मध्य कमी केलेला आवाज कानाला गोड वाटतो. नेमका हाच आवाज बँडमध्ये सर्वात आधी बुडतो.

खर्ज वाढवण्याची किंमत ॲम्प्लिफायरही मोजतो. काही प्रीॲम्प खर्ज १८ डेसिबलपर्यंत वाढवू शकतात. १८ डेसिबल म्हणजे शक्तीच्या हिशेबात सुमारे ६३ पट. ज्या खर्जाच्या स्वराला आधी ५ वॅट पुरत होते, त्याला पूर्ण वाढीनंतर सुमारे ३१५ वॅट लागतील. १०० वॅटचा ॲम्प्लिफायर तिथे फाटलेला आवाज देईल आणि स्पीकरवरही ताण येईल. म्हणून हा नॉब थोडाच फिरवायचा असतो.

टू-बँड घ्यावा की थ्री-बँड?

टू-बँड प्रीॲम्पमध्ये खर्ज आणि तीव्र अशा दोनच पट्ट्या असतात, तर थ्री-बँडमध्ये मध्य पट्टीची भर पडते. नॉब किती, यापेक्षा ते कोणत्या वारंवारतेवर काम करतात, हे जास्त महत्त्वाचे. सॅडोव्स्कीचा प्रीॲम्प ४० हर्ट्झ आणि ४ हजार हर्ट्झ या दोन ठिकाणी फक्त वाढ करतो, घट करीत नाही. ‘अग्विलार’चा ओबीपी-१ हाही फक्त वाढ करणारा टू-बँड आहे. त्याच कंपनीच्या ओबीपी-३ मध्ये मध्य पट्टी आहे आणि ती ४०० किंवा ८०० हर्ट्झवर ठेवण्याची सोय आहे. ‘डार्कग्लास’च्या टोन कॅप्सूलमध्ये ७०, ५०० आणि २,८०० हर्ट्झ अशा तीन पट्ट्या आहेत, म्हणजे सर्वात वरची पट्टीही मध्याच्याच वरच्या भागात येते.

या आकड्यांचा कानावर होणारा परिणाम वेगळा असतो. ४० हर्ट्झवरील वाढ छातीत जाणवते, पण लहान स्पीकरवर वाया जाते. ७० हर्ट्झच्या आसपासची वाढ तुलनेने अधिक ठिकाणी ऐकू येते. ४०० हर्ट्झजवळ वाढवल्यास स्वराला अंग येते, ८०० जवळ वाढवल्यास बोटांची गुरगुर आणि उठाव मिळतो. अंगठ्याने ठोकून वाजवणाऱ्या, म्हणजे ‘स्लॅप’ शैलीच्या वादकाला खर्ज आणि तीव्र वाढवणारा टू-बँड पुरू शकतो. बोटांनी वाजवणाऱ्या आणि भरगच्च वाद्यमेळात उभे राहणाऱ्या वादकाला मध्य पट्टीवर ताबा असणे अधिक उपयोगाचे.

एक व्यवहारी मुद्दाही आहे. फक्त वाढ करणारा नॉब शून्यावर न्यायचा तर तो एका टोकाला फिरवला की झाले. वाढ-घट दोन्ही करणाऱ्या नॉबचे शून्य मधोमध असते. अंधाऱ्या मंचावर ते सापडावे म्हणून मध्यावर हाताला जाणवणारी खाच आहे का, हे पाहावे.

पिकअप आणि जागेचे काय?

पॅसिव्ह पिकअपसाठी साधारण २५० किंवा ५०० किलोओहमचे नॉब लागतात, तर ईएमजीसारख्या ॲक्टिव्ह पिकअपसाठी २५ किलोओहमचे. ही जोडी चुकली तर महागडा प्रीॲम्पही निस्तेज वाजतो. म्हणून बासमध्ये कोणता पिकअप आहे, हे विक्रेत्याला आधी सांगावे.

त्यानंतर प्रश्न जागेचा. जॅझ बासच्या धातूच्या पट्टीवर दोन व्हॉल्यूम, एक टोन आणि जॅक अशी चार भोके असतात. एकावर एक बसणारे दुहेरी नॉब वापरून त्याच भोकांत थ्री-बँडही बसवता येतो. मात्र अमेरिकी बनावटीच्या नॉबच्या दांड्याला साधारण ९.५ मिलीमीटरचे भोक लागते, तर अनेक स्वस्त बासमध्ये भोके त्याहून लहान असतात. आतल्या पोकळीची खोली आणि बॅटरीसाठी उरणारी जागा ऑर्डर देण्यापूर्वीच मोजावी. बॅटरी मावत नसेल तर लाकूड कोरून वेगळा कप्पा करावा लागतो.

जॅझ बासचे पिकअप एकेरी वेढ्यांचे असतात. दोन्ही व्हॉल्यूम सारखे ठेवले तर त्यांची गुणगुण एकमेकांना बहुतांशी मारते, एक कमी केला की ती वर येते. प्रीॲम्प ही गुणगुण काढत नाही. उलट तीव्र पट्टी वाढवली की तीही वाढते. मांडवातल्या दिव्यांच्या वायरिंगजवळ हे चटकन जाणवते. त्यावरचा स्वस्त इलाज म्हणजे आतल्या पोकळीला तांब्याची चिकट पट्टी लावून ती अर्थिंगला जोडणे.

बॅटरी मध्येच संपली तर?

ॲक्टिव्ह बासची ही खरी जोखीम आहे. बायपासची सोय नसेल तर बॅटरी संपताच आधी आवाज फाटतो आणि मग बास मुका होतो. त्यामुळे बॅटरीशिवाय पॅसिव्ह चालवण्याचे बटण असलेला प्रीॲम्प निवडणे शहाणपणाचे. सोबत पॅसिव्ह टोन नॉब कायम ठेवता आला तर बायपासमध्येही आवाज वापरण्याजोगा राहतो.

९ व्होल्टच्या चांगल्या अल्कलाइन बॅटरीची क्षमता साधारण ५०० मिलीॲम्पिअर-तास असते. १ मिलीॲम्पिअर घेणारा प्रीॲम्प तिच्यावर सुमारे ५०० तास चालतो. पण बहुतेक बासमध्ये बॅटरी जॅकमधूनच चालू-बंद होते. केबल खोचलेली राहिली तर बास न वाजवताही बॅटरी झिजते आणि तीच बॅटरी तीन आठवड्यांत संपते.

काही प्रीॲम्प दोन बॅटऱ्यांवर, म्हणजे १८ व्होल्टवर चालतात. त्यामुळे आवाज दुप्पट मोठा होतो, हा गैरसमज आहे. जोरात वाजवल्यावर संकेत फाटण्याआधी सुमारे ६ डेसिबलची जास्त मोकळीक मिळते, इतकेच. हळुवार बोटांच्या वादकाला हा फरक कदाचित कळणारही नाही. १८ व्होल्ट प्रत्येक सर्किटला सोसत नाहीत, त्यामुळे माहितीपत्रक वाचल्याशिवाय दुसरी बॅटरी जोडू नये.

खर्च करण्यापूर्वी काय तपासावे?

सर्वात आधी तारा बदलाव्यात आणि पिकअपची तारांपासूनची उंची जुळवावी. यासाठी स्क्रूड्रायव्हर आणि अर्धा तास पुरतो. मग बँडच्या तालमीत ॲम्प्लिफायरवरील खर्जाचा नॉब थोडा कमी आणि मध्याचा थोडा जास्त करून पाहावा. बास स्पष्ट झाला, तर काय कमी होते ते कळलेच. तरीही प्रीॲम्प घ्यायचा झाला, तर कोणत्या वारंवारतेचा घ्यावा याचा अंदाजही त्यातून येतो. मोबाइलवर त्या तालमीचे ध्वनिमुद्रण करून ऐकणे हीसुद्धा चांगली कसोटी आहे. मोबाइलवर बासची चाल कळत नसेल, तर उणीव बहुधा मध्य पट्टीत आहे.

त्यानंतरचा पर्याय बासबाहेरच्या प्रीॲम्पचा. ‘टेक २१’चा सॅन्सॲम्प बास ड्रायव्हर हे त्याचे परिचित उदाहरण. असे पेडल कोणत्याही बासला जोडता येते, बास विकला तरी आपल्याकडे राहते आणि त्यासाठी लाकडाला हात लावावा लागत नाही.

मग आतला प्रीॲम्प कोणी घ्यावा? दर कार्यक्रमात वेगळ्या ॲम्प्लिफायरवर वाजवावे लागते, किंवा बास थेट दूर बसलेल्या ध्वनिसंयोजकाकडे जातो, आणि एका गाण्यात लावणीचा ठेका तर पुढच्यात संथ गझल, असे सतत बदल हाताशीच करावे लागतात, अशा वादकासाठी तो पैसे वसूल करणारा ठरतो. त्यानेही बसवून घेताना जुनी पट्टी, नॉब आणि वायरिंग टाकून न देता पिशवीत जपून ठेवावे. नवा आवाज पटला नाही, तर सोल्डरिंगच्या एका बैठकीत बास पूर्ववत होऊ शकतो, अर्थात लाकूड कोरलेले नसेल तर.