गाडीचा आवाज : मोठा नव्हे, चांगला

छोट्या मोटारीला मोठ्या मोटारीसारखा आवाज असावा, ही हौस आपल्याकडे पुष्कळांना असते. मी मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो. ‘सर, सायलेन्सर बदलला तर गाडी गुरगुरेल का?’ असे पोट्टे विचारतात. गाडी गुरगुरेल, यात शंका नाही. पण ती चांगली वाजेल का, हा प्रश्न वेगळा आहे.

मंडळी, आधी आवाज येतो कुठून ते पाहू. सिलिंडरमध्ये पेट्रोलचा स्फोट झाल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो. त्या क्षणी आतला वायू अजून दाबाखाली असतो. तो धक्क्याने नळीत शिरतो आणि हा धक्का म्हणजेच आवाज. १९८३ ते २०१४ या काळात विकली गेलेली मारुती ८०० घ्या. तिचे इंजिन तीन सिलिंडरचे. फोर स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. मिनिटाला ३००० फेरे असतील तर सेकंदाला ५० फेरे आणि ७५ धक्के होतात. चार सिलिंडरच्या गाडीत तेच १०० होतात. ही संख्या इंजिन ठरवते, नळी नाही. नळी कितीही महाग बसवली तरी तीन सिलिंडरचा ताल चार सिलिंडरचा होत नाही. नळी एवढेच ठरवते, की त्या आवाजातले कोणते सूर बाहेर सोडायचे आणि कोणते आत जिरवायचे.

हे जिरवण्याचे काम सायलेन्सर दोन रीतींनी करतो. त्यातल्या कप्प्यांत लाटा आपटून परत फिरतात आणि एकमेकींना मारतात. जाड, खालचा सूर असा कमी होतो. भोके पाडलेल्या नळीभोवती काचेची लोकर भरलेली असेल, तर ती तीव्र, कर्कश सूर शोषते. बाजारातला स्वस्त ‘फ्री फ्लो’ सायलेन्सर बहुधा कप्पे काढून टाकतो. लोकर जळाली वा उडाली, की उरतो नुसता पत्र्याचा खणखणाट. शिवाय ठरावीक वेगाला गाडीच्या आत घुमारा धरतो आणि दोन तासांच्या प्रवासात डोके उठते.

‘इंजिनला बॅक प्रेशर लागते’ असे मिस्त्री सांगतात. तेही पूर्ण खरे नाही. इंजिनला अडथळा नको असतो, वायूचा वेग हवा असतो. छोट्या इंजिनला फार रुंद नळी लावली, की कमी फेऱ्यांवर तो वेग मंदावतो आणि घाटात, चिखलात गाडीची ओढ कमी होते.

आता हवा आत घेण्याची बाजू. एअर फिल्टरचा डबा निव्वळ धूळ गाळत नाही, तो आवाजही दाबतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एक सूर निघतो ना? तेच तत्त्व. डब्याला जोडलेला छोटा पोकळ कप्पा एक ठरावीक सूर गिळतो. तो डबा काढून उघडा, शंकूसारखा फिल्टर लावला, की आवाज खरोखर भरदार होतो. पण आपला जिल्हा लक्षात घ्या. उन्हाळ्यात बोनेटखालची हवा तापलेली असते. २७ अंशांची हवा ४७ अंशांवर गेली, की ती सुमारे सहा टक्के विरळ होते, म्हणजे ताकद तेवढी घटते. कोळशाच्या पट्ट्यात धूळ बारीक, आणि हलका फिल्टर ती नीट अडवत नाही. पावसाळ्यात गडचिरोलीकडे नाल्यावरून पाणी वाहते, तेव्हा खाली बसवलेले तोंड पाणी ओढते. पाणी दाबले जात नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खलास होते.

नळीच्या कामात आणखी एक धोका आहे. सांधा गळका राहिला तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरू शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. काचा लावून चालवणाऱ्याला कळण्याआधी गुंगी येते.

आणि आवाज फक्त मालकाचा नसतो. २००५ पासूनच्या नव्या मोटारींना ७४ डेसिबलची मर्यादा आहे, ती ७.५ मीटरवर मोजतात. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे २० डेसिबल जास्त वाजणारी गाडी सुमारे दहापट दूर ऐकू जाते. थंडीच्या रात्री तर जमिनीलगतची गार हवा आवाज खाली वळवते, तो आणखी लांब पोहोचतो. ताडोब्याभोवतीच्या गावांतली माणसे पहाटे मोहफुले वेचतात, मे महिन्यात तेंदूपाने तोडतात. वाघ जवळ आहे हे त्यांना वानराच्या, चितळाच्या ओरडण्यावरून कळते. ते ओरडणे आपल्या सायलेन्सरने झाकले, तर जीव त्यांचा जातो, आपला नाही.

कायदाही आहे. नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मना केला आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ध्वनीचे निकष मोडल्यास कलम १९० खाली पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड वा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि परवाना तीन महिने जातो.

मग करायचे काय? आधी गाडी तपासा. गंजलेला सायलेन्सर कंपनीच्या मापाचाच बदला. नळीच्या जोडाचे पॅकिंग, लटकवणारे रबर आणि इंजिनचे माउंटिंग नवे घाला. टॅपेट सेट करून घ्या. फिल्टर वेळेवर बदला, डबा आणि त्याची नळी जागेवर ठेवा. दाराच्या पत्र्याला आतून आवाज रोखणारी चादर लावा. एवढ्याने खडखड जाते, आणि इंजिनचा स्वतःचा सूर स्पष्ट ऐकू येतो. तीन सिलिंडरच्या त्या तालातही एक गोडवा आहे. तो ऐकायला गावाची झोप मोडावी लागत नाही.