थुंकीतली लाल रेघ

केळझर गावात सकाळी कडुनिंबाच्या काडीनं दात घासताना थुंकीत कधी लाल रेघ दिसते. चूळ भरली की आपण विसरतो. पण त्या वेळी हिरडीच्या कडेला जे चाललेलं असतं, ते थक्क करणारं आहे.

तोंडात जिवाणूंच्या सातशेहून अधिक जाती सापडल्या आहेत आणि त्या एकमेकींना निवडून धरतात. १९७० साली गिबन्स आणि नायगार्ड या संशोधकांनी दातांच्या किटणातले जिवाणू जोडीजोडीनं मिसळून पाहिले. काही जोड्यांचे चक्क गोळे झाले, नुसत्या डोळ्यांना दिसतील असे! एकाच्या अंगावरचं प्रथिन दुसऱ्याच्या अंगावरची ठरावीक साखर पकडतं. म्हणून काही जोड्यांत दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, घातली की ती पकड सुटते.

आता यात रक्त येतं. दात आणि हिरडी यांच्या फटीत रक्तद्रवासारखा द्राव सतत झिरपत असतो. हिरडी सुजली की तो वाढतो. त्यातलं अल्ब्युमिन हे प्रथिन पृष्ठभागावर पसरून अनेक जिवाणूंची चिकटायची जागाच अडवतं. रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन मात्र लांबट असतं. तोंडातले कितीतरी स्ट्रेप्टोकॉकस जिवाणू त्यालाच धरतात. एकच रक्त, कुणाला सोडवणारं, कुणाला जोडणारं.

हिरड्यांच्या आजारातला पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस हा जिवाणू तर अजबच. प्रयोगात रक्तद्रव मिसळला की स्ट्रेप्टोकॉकसशी असलेली त्याची पकड ढिली पडते. मग रक्त येतं तिथे तो टिकतो कसा? केळझरला लोक महाभारतातली एकचक्रनगरी मानतात. तिथल्या बकासुराला गाव रोज गाडाभर अन्न पोचवायचं. सुजलेली हिरडी या जिवाणूला तसंच पोसते: प्रथिनं आणि लोह दाराशी आणून देते. त्याची विकरं फायब्रिनोजेनचे तुकडे करतात, त्यामुळे रक्त लवकर थांबत नाही आणि पुरवठा चालू राहतो. प्रयोगशाळेत रक्त घातलेल्या माध्यमावर वाढवला तर तो काळाकुट्ट होतो, कारण रक्तातलं लोहयुक्त हीम तो स्वतःच्या अंगावर साठवतो.

हिरडीतून वरचेवर रक्त येत असेल, तर दंतवैद्याकडे जायला उशीर करू नये. फटीतून रक्त बाहेर येतं तसेच जिवाणू आतही शिरतात. बहुतेकांना शरीर लगेच संपवतं. पण हृदयाची झडप आधीच दुखावलेली असेल, तर तिच्यावर फायब्रिन आणि प्लेटलेट्स साचलेल्या असतात आणि तोंडातला स्ट्रेप्टोकॉकस तिथेही पकड घेऊ शकतो.