ऐच्छिक धावणे आणि शरीररचना : उंदरांवरील एक निवड-प्रयोग

हालचालीची आवड आनुवंशिक असते काय, आणि ती आवड बदलल्यास शरीरही बदलते काय? या प्रश्नांच्या दृष्टीने थिओडोर गारलँड यांनी १९९३ मध्ये अमेरिकेत सुरू केलेला प्रयोग उद्बोधक आहे. त्यात उंदरांना सहा दिवस फिरते चाक उपलब्ध करून दिले जाते. पाचव्या व सहाव्या दिवशी प्रत्येक कुटुंबात स्वेच्छेने सर्वाधिक धावलेले नर व मादी पुढील पिढीसाठी निवडले जातात. निवडताना शरीराचा विचार होत नाही. तरीही काही पिढ्यांतच हे उंदीर, निवड न केलेल्या उंदरांच्या अडीच ते तीनपट धावू लागले. त्यांची शरीरे लहान व कमी चरबीची झाली, मांडीच्या हाडाचा गोल माथा मोठा झाला.

स्नायूंबाबतचा निष्कर्ष तर अनपेक्षितच म्हणावा लागेल. निवडलेल्या चार वंशरेषांपैकी दोहोंत पोटरीचे स्नायू जवळजवळ निम्मे आढळले. घटले ते मुख्यतः क्षणिक जोर देणारे जलद तंतू. उरलेल्या स्नायूची प्राणवायू वापरण्याची क्षमता, वजनाच्या प्रमाणात, वाढली होती. पुष्ट स्नायू म्हणजे दमदार धावपटू हा समज येथे टिकत नाही. यामागील अप्रभावी जनुकीय बदल मूळ समूहातच विरळ स्वरूपात होता. निवडीमुळे त्याचे प्रमाण वाढले.

आळसाला केवळ स्वभावदोष ठरविणाऱ्यांना हे अडचणीचे वाटेल. मात्र उंदरांवरील निष्कर्ष मानवाला थेट लागू करता येत नाहीत. शिवाय निवड चालू ठेवूनही धावण्यातील वाढ पुढे थांबली.