गाणं ‘पारंपरिक’ होतं तेव्हा

शाळेच्या स्नेहसंमेलनात कोळीनृत्य ठरलेलंच. मुलींची गुडघ्यापर्यंत चापूनचोपून नेसलेली लुगडी, मुलांच्या कमरेला रुमाल, हातात पुठ्ठ्याची वल्ही आणि स्पीकरवर ‘मी डोलकर’. निवेदनात हमखास ‘पारंपरिक कोळीगीत’ असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात हे गाणं लिहिलं शान्ता शेळके यांनी, चाल हृदयनाथ मंगेशकरांची आणि आवाज लता मंगेशकर व हेमंतकुमार यांचे. शान्ताबाईंचा जन्म इंदापूरचा; तिथून समुद्र चांगलाच लांब.

लोकगीत म्हणजे जुनं आणि निनावी, अशी आपली समजूत असते. पण वयाने गाणं लोकांचं होत नाही. त्याला लोकांच्या आयुष्यात कायमचं काम मिळावं लागतं. लेकीच्या पाठवणीचं काम पी. सावळाराम यांच्या ‘गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का’ या गाण्याकडे आलं. वसंत प्रभूंची चाल, लताबाईंचा आवाज. नवरी निघाली की बँडवाला क्लॅरिनेटवर ही धून धरतो आणि शब्द नसतानाही बायकांचे पदर डोळ्यांना लागतात. सासुरवाशिणीचं जे दुःख पूर्वी जात्यावरच्या ओव्यांनी बोलून दाखवलं, ते एका रेकॉर्डने उचललं.

असं गाणं तोंडी बसलं की त्याची कडवी गळतात, शब्द इकडचे तिकडे होतात, ठेका ढोलकीवरून बँजोवर जातो. सगळ्यात आधी गळतं ते कवीचं नाव. यावर आपल्याकडे जुना उपाय आहे. संतांनी अभंगाच्या शेवटी आपली नाममुद्रा ठेवली. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक यांनीही गाण्यात ‘वामन’ गुंफला. त्यांची भीमगीतं वस्त्यावस्त्यांतल्या गायनपार्ट्यांनी तोंडोतोंडी पोहोचवली आणि गाण्यासोबत नावही पोहोचलं.

कायद्याच्या लेखी ही गाणी सगळ्यांची नाहीत. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. शान्ताबाई २००२ मध्ये गेल्या, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६२ अखेरपर्यंत आहे. मात्र धार्मिक विधी, लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांत गाणं वाजवणं हा हक्कभंग नाही, असंही हाच कायदा म्हणतो. रूढीने दिलेली मोकळीक तिथे कायद्यानेही मान्य केली आहे.

लोकांनी गाणं आपलं मानलं, यापेक्षा मोठा पुरस्कार कवीला मिळत नाही. पण त्याची किंमत त्याने नाव गमावून का मोजावी? यंदाच्या संमेलनाची पत्रिका छापताना ‘पारंपरिक’ लिहिण्याआधी एकदा शोध घ्या. कवी आणि संगीतकार यांच्या नावांना एकच ओळ लागते.